काजूगर आणि माझं पत्रक

काजूगर तोंडात टाकताना तो कुणाच्या बोटांनी सोलला, हे तुम्ही कधी विचारलंत?

आमच्या गावच्या कारखान्यात सुलभाकाकी हातांना राख फासून काजू फोडतात, तरी टरफलातल्या चिकाने कातडी भाजतेच. हातमोज्यांसाठी मी मालकाला द्यायचं चार पानी पत्रक लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. काकी हसल्या. "बाय, ही नुसती टरफलां. गर खंय आसा गो?"

मी शेवटची ओळ वाचली, 'आम्हाला हातमोजे द्या.'

"ह्योच गर. बाकीचा चुलीत घाल."

फणसात, नारळात, भाषणातही गर असतो; तो न मोडता बाहेर काढायला काकींचा हात लागतो. पत्रक आता एका ओळीचं आहे. त्याखाली तुमची सही करा.