सहावं गाणं

माझा आतेभाऊ मला मुंबईहून कॅसेट पाठवायचा. दुकानात मिळणाऱ्या त्या नव्हत्या. तो जिथे कामाला होता तिथे एक सरावाची खोली होती. कॉलेजातली मुलं, नुकतीच नोकरीला लागलेली मुलं ती तासावर घेत आणि आपापले बँड वाजवत. इंग्रजी, हिंदी, क्वचित मराठी. सगळी स्वतः रचलेली गाणी. माझ्या आतेभावाचं काम म्हणजे खोली झाडायची, वायरी जोडून द्यायच्या, चहा आणायचा. ही मुलं साध्या टेपवर आपली गाणी भरून घेत आणि एखादी प्रत ह्यालाही देत. अशा दहा-बारा कॅसेटमधून तो पाच-सहा गाणी निवडायचा आणि माझ्यासाठी एक कॅसेट भरायचा. प्रत्येक गाण्याआधी तो माइकपुढे बसून दोन-चार वाक्यं बोलायचा.

"हां बाय, आता हे ऐक. ह्यातला पोरगा गातो कमी, वरडतो जास्त. पण दुसऱ्या कडव्यानंतर सगळं एकदम थांबतं, तवा कान दे. आपल्या खिंडीत वारा पडतो ना, तसं होतं."

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी महाडला कॉलेजात होते. वडील तिथल्याच एका शाळेत कारकून. आत्याचं गाव आंबेनळी घाटात, डांबरी रस्त्यापासून तासभर चढून गेल्यावर लागणारी पंधरा घरांची वाडी. दादा त्या वाडीतून दहावीनंतर मुंबईला गेला होता. गावाकडे येणारं कोणीतरी महाडला उतरायचं आणि कॅसेट आमच्या घरी देऊन पुढच्या गाडीने पोलादपूरला जायचं.

माझ्याकडून त्याला पत्र हवं असे. गाणं कसं वाटलं ते लिहायचं आणि इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगायचा. एकदा मी नुसतं 'छान आहेत' लिहिलं, तर पुढच्या कॅसेटवर तो रागावला. "छान म्हणजे काय गो? जेवण पण छान असतं." अर्थ कळल्यावर बहुतेक वेळा त्याची निराशा व्हायची. एका गाण्यात एक मुलगी फार आर्त सुरात गात होती. ती परीक्षेचा कंटाळा आलाय म्हणतेय, असं मी कळवलं. त्यावर तो म्हणाला, "एवढंच? मला वाटलं तिचं कोणतरी गेलं असंल."

त्याला कावीळ झाली ते आम्हाला उशिरा समजलं. अंगावर काढत तो कामावर जात राहिला होता. इस्पितळात नेल्यावर अकरा दिवस काढले त्याने. सव्वीस वर्षांचा होता. त्याला गाडीतून घाटापर्यंत आणलं आणि तिथून वाडीतल्या माणसांनी वर नेलं. आत्या रडली नाही. आलेल्यांना पाणी मिळालं का, हे ती विचारत फिरत होती.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या खोलीवरचा एक सोबती त्याची बॅग घेऊन आला. दोन पँट, चार शर्ट, माझी पत्रं आणि एक कॅसेट. ती माझ्यासाठीच होती. कागदावर त्याच्या अक्षरात 'बायला' एवढंच लिहिलेलं. मी ती कपाटात साड्यांखाली ठेवली. पाऊस संपला, दिवाळी झाली, मी तिला हात लावला नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि कॅसेट लावली.

"हां बाय," तो म्हणाला.

मी बटण दाबून बंद केली. मग पुन्हा लावली.

आवाज त्याचाच, पण दमलेला. वाक्याच्या मध्येच तो घोटभर पाणी प्यायचा, पेला खाली ठेवल्याचं ऐकू यायचं. पाच गाण्यांबद्दल तो नेहमीसारखा बोलला. ह्याची सुरुवात बेकार हाय पण सोडू नको. ह्या ड्रमवाल्याचा हात हलका हाय, बघ. सहाव्याआधी तो जरा थांबला.

"ह्याचं काय सांगत नाय. आधी तू ऐक, मग सांगतो."

एक गिटार होती, तिची एक तार उतरलेली. शब्द नव्हतेच, नुसतं गुणगुणणं. लय कधी पुढे पळायची, कधी रेंगाळायची. सहा गाण्यांत सगळ्यात कच्चं मला तेच वाटलं. दादाने हे का निवडलं, असं मनात आलं आणि अर्ध्यावर मी कॅसेट पुढे पळवली. त्याला काय सांगायचंय ते मला ऐकायचं होतं. पण गाण्यानंतर तो काही बोलला नव्हता. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

त्या दिवसापासून 'मग सांगतो' माझ्या मागे लागलं. चवदार तळ्याकडून कॉलेजला जाताना मी मध्येच थांबायचे, कोणीतरी बोलायला सुरुवात करणार आहे असं वाटून. महाडच्या स्टँडवर कंट्रोलर भोंग्यावर गाडी पुकारण्याआधी घसा खाकरायचा. दर वेळी मी वळून बघायचे, आणि मग ऐकू यायचं, पोलादपूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. वर्गात शेजारची मैत्रीण विचारायची, "काय गं, कोणाला शोधतेयस?"

कॅसेटबद्दल आत्याला कळवू नये असं आईचं म्हणणं होतं. "जखम सुकतेय, कशाला पुन्हा?" मला ते पटलं नाही. माझ्या हातात त्याचा आवाज होता आणि त्याच्या आईला ते माहीतही नव्हतं. एका रविवारी मी आमचा छोटा टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळला, नवे सेल घातले आणि सकाळच्या महाबळेश्वर गाडीने निघाले. घाटात उतरून वर चढले.

आत्या अंगणात गवताचे भारे रचत होती. मी धापा टाकत होते, तरी तिथेच बोलून टाकलं. "आत्या, माझ्याकडे दादाचा आवाज आहे. ऐकतेस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन हातपाय धुऊन आली. पदर डोक्यावरून घेतला, पाहुण्यापुढे घेतात तसा, आणि ओटीवर बसली.

"हां बाय," टेपमधून तो म्हणाला.

"बोल रे," आत्या म्हणाली.

अंगणातला कुत्रा उठला. खाली घाटातून येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला. आम्ही दोघींनीही ते पाहिलं.

गाणी तिला कशासाठी हवी होती? तो बोलला की ती पुढे वाकायची, गाणं सुरू झालं की मागे टेकायची. तिसऱ्या गाण्यानंतर मात्र तिने मला विचारलं, "ही काय म्हणते?" मी सांगितलं, घर सोडून लांब आल्याचं गाणं आहे. तिने मान हलवली.

सहावं लागलं. तेवढं टाळावं असं माझ्या मनात होतं. थोडं गुणगुणणं झालं असेल, आत्याने हात पुढे करून टेपरेकॉर्डरवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

"हा तोच," ती म्हणाली.

"कोण?"

"तोच गो. नाकातनं असाच सूर काढायचा. म्हशी वळवताना."

"पण आत्या, तो गिटार कुठे वाजवायचा?"

"शिकला असंल. पोरं गेल्यावर खोली त्याचीच ना."

इतकी वर्षं कॅसेटवर त्याचं बोलणं ऐकूनही मला तो आवाज ओळखता आला नव्हता. शब्द नव्हते म्हणून असेल. किंवा, त्याने कधी स्वतःचं काही पाठवलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही म्हणून. नाव न सांगता त्याला माझं खरं मत हवं होतं, आणि मी त्याचं गाणं अर्ध्यावर पळवलं होतं. त्या दुपारी आम्ही ते शेवटपर्यंत ऐकलं. पंखा, खुर्ची. आता मला माहीत होतं की त्या खुर्चीवरून तोच उठत होता.

"कसं हाय?" आत्याने विचारलं.

छान आहे म्हणणं सोपं होतं. पण ते त्याला चाललं नसतं. "मध्ये लांबलंय," मी म्हटलं. "एक तार उतरलीये. पण शेवटी आवाज खाली येतो ना, तिथे चांगलं झालंय. फार चांगलं."

"लांबणारच," आत्या म्हणाली. "त्याला थांबायचं कुठं ते कळायचंच नाय." आणि मग ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

टेपरेकॉर्डर मी कॅसेटसकट तिच्याकडेच ठेवला. कोणतं बटण कशाचं ते दाखवलं आणि लाल, म्हणजे आवाज भरायच्या बटणाला हात लावू नको म्हणून तीनदा बजावलं.

महिन्याभराने एका सकाळी ती महाडला आमच्या दारात उभी. टेपरेकॉर्डर फडक्यात बांधलेला. आत यायला तयार नव्हती.

"मी पुसला गो त्याला," ती म्हणाली.

मी कॅसेट लावली. "ह्याचं काय सांगत नाय. आधी तू..." आणि तिथे तो तुटला. त्याच्या जागी कोंबड्या, बादलीची कडी, म्हशीच्या गळ्यातली घंटा. आत्या कोणाला तरी दटावत होती, बहुतेक म्हशीलाच. दीडेक मिनिट हेच. मग एकदम त्याचं गुणगुणणं, मधूनच सुरू झालेलं.

वडील म्हणाले, "होतं असं. चल आत, चहा घे." आज लिहायला लाज वाटते, पण मला तिचा राग आला होता. दोन दिवस ती आमच्याकडे राहिली आणि मी तिच्याशी धड बोलले नाही. 'मग सांगतो' आता कुठेच उरलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं तेवढंच. तिसऱ्या दिवशी ती निघाली, तेव्हा मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून ती म्हणाली, "माझ्यापाशी नको ठेवू. तुझ्यापाशी राहू दे." तेव्हा मी रडले, तिच्यासमोर, फलाटावर.

उरलेलं तरी जपावं म्हणून मी बाजारातल्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात गेले. दोन प्रती काढायला सांगितल्या. दुकानदाराने हेडफोन न लावता मोठ्यानेच लावली. मधल्या कोंबड्या आल्यावर तो हसला. "हे काढून टाकू का ताई?"

"नको," मी म्हटलं. "आहे तसं राहू दे."

माझ्यामागे कॉलेजातली एक मुलगी उभी होती, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान असावी. गाणं संपेपर्यंत ती ऐकत उभी राहिली. मग विचारलं, "कोणाचं आहे? नवीन बँड आहे का?"

"हो," मी म्हटलं. "पोलादपूरकडचा आहे."

"सुरुवातीला म्हशीची घंटा आहे ते भारी आहे. मला पण एक प्रत मिळेल?"

मी दुकानदाराला तिसरी काढायला सांगितली.

एक प्रत आणि टेपरेकॉर्डर घेऊन पुढच्या रविवारी मी वर गेले. आत्याला त्या मुलीचं सांगितलं. ती वरी पाखडत होती, तिचे हात थांबले.

"कोण होती?"

"ओळखीची नाही गं. गाणं ऐकत उभी राहिली."

"सगळं ऐकलंन?"

"सगळं."

आत्याने सूप खाली ठेवलं आणि त्या दिवशी कुत्रा जाऊन उभा राहिला होता, त्या वाटेकडे बघत राहिली.