उकिरडा नेला म्हणून

माझा राग पहिल्यापासून वाईट. ऊसतोडीच्या टोळीत सगळे मला वचकून असायचे, आणि मला त्याचा थोडा माजही होता.

त्या साली हंगाम संपवून गावी परतलो, तर गोठ्यामागचा आमचा उकिरडा जागेवर नव्हता. नुसती सपाट जमीन. आम्ही ऊस तोडायला गेलो की आई एकटी गावात राहायची. खरकटं, भाजीची देठं, शेळ्यांच्या लेंड्या, चुलीतली राख, सगळं ती तिथं टाकायची. आमचं रान मुरमाड. त्या खतावाचून बाजरीचं काही खरं नव्हतं.

आई दळायला गेली होती. शेजारीण म्हणाली, "तुज्या चुलत भावानं उपसला. लई पाट्या भरून नेल्या." पाट्या कुठं नेल्या, हे मी विचारलंच नाही. परसात एक नवा सारवलेला ओटा दिसला. त्यावर बोचकं आपटलं, त्यातून कोयता काढला आणि निघालो.

भाऊ दारात बसून कडबा तोडत होता. मला बघून हसला. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. आधी लाथ घातली. तो पडल्यावर छातीवर बसून तोंडावर बुक्क्या मारल्या. "माज्या आईचं खत चोरतो व्हय रे?" तो काहीतरी सांगत होता, पण तोंडात रक्त, शब्द कळेनात. मला कळून घ्यायचंही नव्हतं. मी कोयता उगारला. त्यानं पंजा आडवा धरला. सांगायला लाज वाटते, पण घाव बसला तेव्हा मला बरं वाटलं.

पिठानं भरलेल्या हातांनी आई धावत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. "चोरलं न्हाई रे मुडद्या! उघड्यावर खत वाळून जातंय म्हनून त्यानंच परसात खड्डा खंदला. समदं त्यात भरून वरून ओट्यावानी लिंपलं. तू आल्यावर दाखवनार व्हता!"

नेकनूरच्या दवाखान्यात त्याचा हात शिवला. दोन बोटं पुन्हा वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कसं लागलं ते विचारलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यानं माझं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"कडबा तोडताना लागलं," सुजल्या ओठांनी तो म्हणाला, "अन् तोंडावर पडलो. ह्यो दादा व्हता म्हून वाचलो."

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.