आ-खुनची लाल शाई

...नाही गं, ते खोड. ‘फार चांगला मिस्त्री होता’ असं नको लिहूस. मेल्यावर सगळेच चांगले होतात, आणि आ-खुन जिवंत आहे अजून, काओश्युंगला लेकीकडे. असं लिही, की चांगह्वाच्या आपल्या दुकानात एकतीस वर्षं सायकली जुळवल्या आणि नुसत्या डोळ्यांवर कधी भरवसा ठेवला नाही.

सायकलीचं पुढचं चाक धरणारा चिमटा फ्रेममध्ये फिरतो ना, तिथलं बेअरिंग. दोन शेजारी ठेव, जुळ्या बहिणी! पण आतली कड एकीची जास्त उतरती, एकीची कमी. आ-खुन कडेला शिक्क्याची लाल शाई लावायचा, चिमट्यावर बसवून उचलायचा. रंग सगळीकडे उठला तर बरोबर, नुसती रेघ उठली तर चूक.

मी चिडवायचे, “बेअरिंग बसवतोयस की लग्नाची नोंद करतोयस?”

“मालकीणबाई, लग्न चुकलं तर माणूस सांभाळून घेतो. चिमटा नाही घेत.”

एका वर्षी माझूची, आपल्या समुद्रदेवीची, पालखी आली. आ-खुन आशीर्वादासाठी पालखीखालून जायला रांगेत ओणवा झाला होता. तेवढ्यात शाळेतले लियाव मास्तर आले. “बेअरिंग गेलंय, पालखीमागे निघायचंय, आत्ताच्या आत्ता!” मी डब्यातून एक काढलं, मापाला बसलं, आवळलं. शाईबिई कोण लावत बसतंय.

तिसऱ्या दिवशी मास्तर सायकल ढकलत परत. ब्रेक दाबला की पुढचं सगळं खडखडतंय. भरल्या दुकानात म्हणाले, “आ-खुन, म्हातारा झालास! नूडल्सची गाडी टाक आता.”

आ-खुनने चिमटा खोलला. बेअरिंगवर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. माझ्याकडे एकदा पाहिलं त्याने. मी चहाच्या कपात बघत राहिले. मग तो मास्तरांपुढे वाकला, म्हणाला, “चुकलं, मास्तर.”

बेअरिंगवर कोरलेले उताराचे आकडे मला कळत नाहीत, हे गावभर झालं असतं ना. म्हणून गप्प बसले. त्यानंतर तुझ्या आजोबांनी त्याला पंक्चरशिवाय कशाला हात लावू दिला नाही. हिवाळ्यात दुकान सोडून गेला तो. निघताना शाईची डबी मात्र माझ्या गल्ल्यावर ठेवून गेला.

फोनवर त्याला ऐकू येत नाही. तू रविवारी जातेयस ना तिकडे? हे तेच बेअरिंग, सोबत ने. आणि लेक-जावई, शेजारीपाजारी असतील तेव्हाच सांग त्याला, मोठ्याने सांग, की ते आजीने बसवलं होतं.