उत्तरेकडचं छप्पर

आमच्या घरमालक काकांइतका छपराशी भांडणारा आणि तरीही छपराचीच बाजू घेणारा माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियात दुसरा नसेल. स्टेट कॉलेजमधल्या त्यांच्या जुन्या लाकडी घरात वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नागपूरचा रूममेट राहायचो, आणि आमच्या व आकाशाच्या मध्ये जे काही होतं त्याला काका छप्पर म्हणत. हिवाळ्यात घरातल्या उबेने वरचा बर्फ खालून वितळे, पाणी कडेपर्यंत घसरत जाऊन पुन्हा गोठे, आणि त्या बर्फाच्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या डांबरी तुकड्यांच्या, खालून वाट काढत थेट माझ्या उशीवर येई. काका विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं दुरुस्त करत, त्यामुळे छप्पर गळतं असं कुणी म्हटलं की त्यांना ती स्वतःच्या खानदानाची बदनामी वाटे. "गळत नाही रे, थोडं थकलंय," असं म्हणून ते माझ्या पलंगावर पातेलं ठेवून जात. बर्फाचा बांध फोडायला त्यांनी काकूंच्या जुन्या परकरांच्या लांबट पिशव्या शिवल्या होत्या. त्यांत मीठ भरून ते त्या छपराच्या कडेला ओळीने मांडत. शेजारी एक म्हातारा अमेरिकन राहायचा, जन्मभर छपरं घालून निवृत्त झालेला. त्याने एकदा फुलाफुलांचे ते परकर पाहून विचारलं, हा तुमचा कुठला सण का? काका गंभीरपणे म्हणाले, "येस. एव्हरी विंटर."

या सणापायी काकूंना हिवाळ्यात कुठेही जाता येत नसे. मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, तिला लहान बाळ, आणि इकडे बर्फ पडला की काका घर सोडायला तयार नसत. शेवटी काकूंनी निर्वाणीचा इशारा दिला, "यंदा बर्फाच्या आधी नवीन छप्पर झालं तर झालं. नाहीतर घर विकायचं आणि पोरीजवळ जाऊन राहायचं. मला नातवाला मांडीवर घ्यायचंय, पातेली नाही." काकांनी मान्य केलं, आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की छप्पर बाहेरचा माणूस घालणार नाही, आपण घालणार.

'आपण' हा शब्द ऐकून माझं रक्त उसळलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर युनियनची पत्रकं छापली. मी वाचायला शिकलो तेच त्या ओल्या शाईवर. घरमालक ही संस्थाच मोडीत काढावी असं माझं ठाम मत होतं, आजही आहे. मी रातोरात 'भाडेकरूंचे जाहीर निवेदन' लिहून फ्रिजवर चिकटवलं. विषय होता, मालकाच्या मालमत्तेवर भाडेकरूंची वेठबिगारी. सकाळी काकांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि म्हणाले, "मागणी रास्त आहे. माझा पाठिंबा. आता शिडी धर." रूममेट माझ्या कानाशी म्हणाला, "चल यार, क्रांती संध्याकाळी करू, उजेड जाऊन राहिला."

सप्टेंबरपासून आम्ही दर शनिवार-रविवार वर असायचो. काका प्रत्येक खिळ्याआधी फळीवर कान ठेवून ठोकून बघत, डॉक्टर छाती तपासतो तसे. कुजलेली फळी निघाली की "बिचारी," म्हणून तिला खाली फेकण्याऐवजी हाताने उतरवून घेत. या वेगाने दक्षिणेकडची बाजू पूर्ण व्हायला ऑक्टोबर उजाडला. उत्तरेकडची बाजू आम्ही सोलून उघडी केली, वर ताडपत्री टाकली, आणि त्याच शनिवारी सकाळी रेडिओने सांगितलं की आज संध्याकाळपासून बर्फ.

मी धावत खाली आलो, तर हॉलमध्ये पाटावर हातोड्या, करवत, कटर, खिळे उपटायची सळई, सगळं हळदकुंकू लावून, शेवंतीची फुलं वाहून मांडलेलं. शिडीलासुद्धा कुंकू. त्या दिवशी खंडेनवमी होती.

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," काका म्हणाले. "उद्या दसरा. उद्या लावू."

"काका, उद्या बर्फ असेल! ही अंधश्रद्धा आहे!"

"अंधश्रद्धा नव्हे, सुट्टी आहे. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. वर्षातून हा एक दिवस साहेब आला तरी त्याला हत्यारांना नमस्कार करून परत जावं लागे. तू कामगारांचा ना? मग हातोडीची एक दिवसाची रजा तू कापणार?"

 बाहेर आभाळ राखाडी होऊन खाली आलं होतं. काकांनाही ते दिसत होतं. तोंडाने सुट्टी म्हणत होते, पण नजर पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात होती, आणि एकच फूल ते पुन्हा पुन्हा सारखं करत होते. घर हातातून चाललं होतं आणि ते त्यांना कळत होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढ्याने त्यांना सनीव्हेल मिळालं असतं, मुलगी मिळाली असती, नातू मिळाला असता. त्यांनी पदर खोचला, पायांत बूट चढवले आणि म्हणाल्या, "पूजा तुमच्या हातोड्यांची केलीत ना? शेजाऱ्याच्या तर नाही केलीत?" आणि तडक निघून गेल्या.

दहा मिनिटांनी त्या परतल्या तेव्हा मागे तो म्हातारा होता, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि खांद्यावर स्वतःची शिडी. तो म्हणाला, मी सप्टेंबरपासून खिडकीतून तुमची कामं बघतोय, कधी बोलावता याचीच वाट पाहत होतो. काकांनी त्याचा पट्टा वरपासून खालपर्यंत निरखला. मग म्हणाले, "त्याची हत्यारं रजेवर नाहीत," आणि सगळ्यांच्या आधी वर चढले. म्हातारा एका दमात चार खिळे ठोकी, आम्ही शिंगल्स पुरवायचो. काकू नऊवारी थाटात कमरेवर एक हात ठेवून शिडी धरून उभ्या होत्या आणि "अहो, सांभाळून!" हे त्या बिचाऱ्या अमेरिकनालाही मराठीतूनच सांगत होत्या. शेवटची ओळ बसली तेव्हा पहिले कण माझ्या बाहीवर पडत होते.

सकाळी बाहेर सगळं पांढरं होतं. काकू टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर गेल्या. आम्ही खाली जिन्याशी. त्या बराच वेळ फळ्यांवरून तळवा फिरवत होत्या. मग वरून आवाज आला, "कोरडं आहे हो."

त्यांनी मुलीला फोन लावला. "सो, आई, यू आर नॉट मूव्हिंग?" तिचा पडलेला आवाज आम्हालाही ऐकू आला. "नाही गं," काकू म्हणाल्या, फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. 

काका हळूच त्यांच्या बाजूला गेले. "जानेवारीत जाऊ या तिकडे. दोन महिने राहू."

"बर्फात? आणि घर?"

काकांनी वर छताकडे पाहिलं. "त्याला आता माझी गरज नाही," ते म्हणाले. एवढं अभिमानाने आणि एवढं उदास होऊन बोललेलं वाक्य मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.