बाबांची शनिवारची मुलगी

बाबा गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही आधी कानाची पाळी चोळतात आणि मग आदराने बोलतात. ते निवृत्त झाले, आई गेली, आणि पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओरडा खायला मी एकटी उरले. मी तेव्हा चाळिशीची, लग्न मोडून परत आलेली. माझ्यावर ओरडण्यातही त्यांना आता फारशी गोडी राहिली नव्हती.

त्यांच्या एका मित्राने त्यांना एका संस्थेत नेलं. तिथे मोठ्या माणसांना एकेक मूल जोडून देत. आठवड्यातून एकदा भेटायचं, गप्पा मारायच्या. शिकवायचं नाही आणि रागवायचं नाही, एवढीच अट. मला वाटलं, यांना पहिल्याच आठवड्यात नमस्कार करून परत पाठवतील.

त्यांच्या वाट्याला आली वाघोलीची नववीतली मुलगी. शेतावर इमारती उभ्या राहिलेल्या, वडील आणि काका वाटणीवरून कोर्टात, घरात तिच्याशी बोलायला कुणाला सवड नाही. तिच्या मामीचा मंडईत भाजीचा गाळा होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ती बसने तिथे यायची. गाळ्यामागे पालथ्या क्रेटवर बसून दोघं बोलत.

एकदा भाजी आणायला गेले तेव्हा मला ते दिसले. ती चाचणीत नापास झाल्याचं सांगत होती, तेही गणितात. मी श्वास रोखून उभी राहिले. बाबा म्हणाले, “वाईट वाटलं असेल तुला.” आणि तिखट-मीठ लावलेली पेरूची फोड तिच्या हातात दिली. मी भाजी न घेताच घरी आले. नववीतल्या पोरीचा मला मत्सर वाटला, आणि तो काही थोडाथोडका नव्हता.

मी बाबांच्याच शाळेत होते, सातवीत त्यांच्याच वर्गात. सहामाहीचा माझा पेपर त्यांनी भर वर्गात वाचून दाखवला, एकेक चूक दाखवत, त्यांच्या त्या कोरड्या आवाजात. “हे आमच्या घरचं गणित,” म्हणाले. वर्ग हसला. त्यानंतर वर्गात मी कधी हात वर केला नाही. घरी त्यावर अवाक्षर निघालं नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या सगळ्या वर्षांतही नाही. त्यांनी एकदा तरी तो विषय स्वतःहून काढावा, एवढंच मला हवं होतं.

मंडईत त्यांना पाहिलं, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी मला म्हणाले, “ती वाट बघत बसेल. जाऊन सांगून ये.”

मी गेले. मुलीने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, दुसरा क्रेट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, “ताई, तुमचा पेपर वाचला व्हता ना त्यांनी वर्गात?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आजोबांनीच. म्हनले, माझ्या मुलीला मी लय दुखावलंय, अजून मनातून जात न्हाई. मी म्हनलं, मग ताईला सांगा की. तर म्हनले, तोंड न्हाई मला.”

मला आनंद झाला की राग आला, हे मी आजही सांगू शकणार नाही. माझ्या हक्काचे शब्द त्यांनी मंडईत बसून दुसऱ्याच मुलीला देऊन टाकले होते. तरी घरी येताना मी जवळजवळ पळतच होते. ते बोलणार, आज बोलणारच, असं मला वाटत होतं.

“भेटली?” बाबांनी पडल्या पडल्या विचारलं.

“भेटली. माझ्या सातवीच्या पेपराबद्दल सांगत होती.”

बाबा पंख्याकडे बघत राहिले. मी स्टूल ओढून पलंगाशी बसले. त्यांचे ओठ हलले, म्हणून मी पुढे वाकले.

“लहान मुलं काहीही बोलतात,” ते म्हणाले. “तू मनावर घेऊ नकोस.”

मग त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. दिवाळीआधी ते गेले. तोवर रोज संध्याकाळी मी त्या स्टुलावर जाऊन बसायचे, आणि मला येताना बघून ते डोळे मिटून घ्यायचे.