पडद्यामागून दिसलेलं तोंड

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझा स्वभावच संशयी. सुना म्हणतात, सासूबाई देवालासुद्धा ओळखपत्र विचारतील! तरी हे लिहितेय, कारण माझी थोरली बहीण नागू आमच्या हाती राहिली ती या एका प्रसंगामुळे...

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. गाव परंडा. वडिलांचं बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं. नागू बारा वर्षांची, मी तिच्याहून लहान. तेव्हा आमच्याकडे एक पाहुणा उतरला होता — अण्णाराव. आत्याच्या सासरकडचा, ईट गावचा, असं तो कानाची पाळी चोळत स्वतःच सांगायचा. हैदराबादेत त्याच्या बहिणीला मूलबाळ नाही, ती नागूला शाळेत घालेल, पुढं लग्नही लावून देईल, असं त्याचं म्हणणं. वडील हुरळून गेले. आईला मात्र माणूस पटत नव्हता.

"लई गोड बोलतोय," एवढंच ती म्हणायची. पण गोड बोलणं हा काही गुन्हा नाही. सकाळच्या कुर्डुवाडीच्या मोटारीनं नागू जाणार, हे पक्कं झालं.

आदल्या संध्याकाळी किल्ल्याजवळच्या मैदानात तंबूतला सिनेमा होता. पाहुण्याला खूश करायला वडील सगळ्यांनाच घेऊन गेले. तेव्हाची पद्धत अशी — पुरुष पडद्यासमोर, बायका-पोरी पडद्याच्या मागं. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र आरपार उमटायचं. अण्णाराव वडिलांशेजारी पुढं बसला, आम्ही मागं.

खेळाआधी तंबूच्या मालकानं एक छोटी मुकी फिल्म लावली, पोरं पळवणाऱ्यांपासून सावध करणारी. भोंग्यातून तो स्वतःच ओरडून सांगत होता, "गोड बोलण्याला भुलू नका हो! माणसाचं गाव-घर तपासा!" चित्रात एक माणूस मुलीला खाऊ देतो, हात धरून आगगाडीत बसवतो. आणि आम्हाला त्याचं तोंड दिसलं...

अण्णाराव! कानाची पाळी चोळायचा चाळासुद्धा तोच.

आमच्या शेजारघरच्या बीबनखालांनी आईचा दंड धरला. "अगे, ये तो तुमारा पाव्हना!"

खेळ सुटल्यावर नागूला आईनं परस्पर बीबनखालांकडे झोपायला पाठवलं.

सकाळी अण्णाराव चहा पीत बसला होता. आई दारात उभी राहिली. "पोरगी न्हाय यायची. काल शिनेमात तुमचं तोंड बघितलंय आमी."

वडील संतापले. "काय बोलायलीस? त्यातला माणूस सारा वेळ पाठमोरा होता! तोंड कुठं दिसलं?"

"तुमी पुढं बसला, तुमाला पाठ दिसली. आमी मागं होतो, आमाला तोंड दिसलं. त्यात काय!"

हसू नका. तंबूतल्या सगळ्या बायकांना हे इतकंच सरळ वाटलं होतं, आणि मलाही!

अण्णाराव हसला नाही की भांडला नाही. खोटा आळ आला तर माणूस घर डोक्यावर घेतो. यानं बशी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेला. चहा अर्धा तसाच.

वडील तडक तंबूवर गेले. मालक म्हणाला, "शेठ, पडद्याला दोन्हीकडून एकच चित्र असतंय. मागनं उजव्याचं डावं दिसंल, पण पाठीचं तोंड कसं व्हईल?" त्यानं फिल्मची पट्टी उन्हात धरून दाखवली. सगळ्या चित्रांत पाठच. ईटला चौकशी केली, तर असला पाहुणा तिथं कुणाला ठाऊकच नव्हता.

मी पुढं सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. तंबूच्या मालकाला अण्णारावाबद्दल आधीच माहीत असेल. आईनं अन् खालांनी मिळून बनाव रचला असेल. पण मग मी काय पाहिलं? दोघींनी मरेपर्यंत शब्द फिरवला नाही. नागू शिकली नाही, पण नांदली, नातवंडं खेळवली, अन् म्हातारी होऊन आपल्या माणसांत गेली.

पुढं आमच्याच भागातल्या वाशी गावाहून खबर आली. असाच एक गोडबोल्या पाहुणा तिथल्या एका पोरीला शाळेसाठी हैदराबादला घेऊन गेला. ती परत आली नाही. तिची आई बाजाराच्या दिवशी मोटारीतून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीचं तोंड बघत उभी राहायची म्हणे.

आम्हाला ते तोंड कुणी दाखवलं, मला आजही सांगता येत नाही. पण ज्यानं दाखवलं त्याचे आभार मानायला हात जोडले, की पहिल्यांदा रागच येतो... त्या बाईला का नाही दाखवलं?