हरसिंगकाकांनी नापास केलेलं मास्टरिंग

हरसिंगकाका आज सकाळी गेले.

माझं काम तोंडावर नापास करणारा पहिला माणूस.

डोंगरकडा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरचे शेतकरी. होळीला लेंगीची गाणी गायची तर पहिला सूर काकांचाच. मग धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात काका एसटीनं वसमतला माझ्याकडे हजर. सोबत जमुनाकाकू, काकूंच्या पिशवीत वाजवायची काशाची थाळी.

"ताई, औंदा होळीला माझ्यानं उभं राहून गाणं न्हाई व्हायचं. पर गाणं वाजलं पाह्यजे."

माझा स्टुडिओ म्हणजे आमच्या घरातली, देवळाचं पूजेचं सामान ठेवायची खोली. भिंतींना गाद्या, एक माइक, एक लॅपटॉप.

दोन दुपारी थांबत थांबत रेकॉर्ड केलं. गाणं आणि डफ काकांचा, थाळी काकूंची.

मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर पाठवण्याआधीचा शेवटचा हात, तेव्हा मी एका वेबसाइटवर करायचे. फाइल टाकायची, दोन मिनिटांत तयार. शिवाय एक महागडं सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलेलं. दोन्हीकडून करून घेतलं. आवाज असा दणदणीत की मीच माझ्यावर खूष.

काकांना बोलावून हेडफोन लावला.

ऐकलं. कपाळाला आठ्या.

"थाळी कुठं गेली?"

"आहे ना काका."

"न्हाई. डफ हाय, मी हाय. हिची थाळी काहून काढली?"

दुसरं व्हर्जन लावलं. तेच. मला राग आला. म्हटलं, "काका, नीट ऐका, उजव्या बाजूला आहे."

काकांनी हेडफोन काढला, उलटा फिरवला, पुन्हा कानांवर चढवला.

"आता थाळी आली. डफ गेला."



"उजवा कान जाऊन लई वर्षं झाली, ताई," काका खाली बघत म्हणाले. "घरी कुणाला म्हाईत न्हाई."

काकू दाराशीच बसल्या होत्या.

"मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी कायम तुमच्या डाव्या अंगाला बसते."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

हे कुठल्याच सॉफ्टवेअरनं सुटणारं नव्हतं. मी मिक्सकडे, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवण्याकडे, परत गेले. थाळी मध्ये आणली. दोन्ही बाजू एकत्र करून, मोनोमध्ये, एका स्पीकरवर ऐकलं. आवाज दाबून मोठा करणारा लिमिटर जवळजवळ काढूनच टाकला. त्यानं काकांची धाप गाण्याहून मोठी केली होती. वेबसाइट बंद. ट्रायल बंद. रेकॉर्डिंगच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं तेवढंच वापरलं.

होळीला तांड्यावर गेले. गाणं एकाच स्पीकरवर लावलं. काका खुर्चीत बसून होते. दुसऱ्या कडव्याला बायका उठल्या, मग पोरं. काका बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते.

गाणं संपल्यावर मला जवळ बोलावलं.

"बराबर झालं."

एवढंच. मला पुरलं.

तेव्हापासून कुणी विचारलं, मास्टरिंगला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, की माझं उत्तर ठरलेलं. आहे तेच ठेव. आधी एका कानानं ऐक. आपल्या भागात निम्मे लोक गाणं मोबाइलच्या एका बारक्या स्पीकरवर ऐकतात. त्यावर सगळे वाजणारे ऐकू आले तर तुझं काम झालं. ह्यात मी आता कुणाशी वाद घालत नाही.

दुपारी काकांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बापूचं गाणं पाठवता का? थोडा आवाज वाढवून?"

पाठवलं. आवाज वाढवला नाही. तिला सांगितलं, "फोनचा आवाज वाढव, गाणं असंच राहू दे."

थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, "आईचीबी थाळी ऐकू येऊन राहिली."

काका, तुमच्या गाण्याला आता कुणी हात लावणार नाही. माझा शब्द.

शेवटचा नमस्कार.